उत्सर्ग

धनवंताच्या हिशेबाच्या वहीत मला नेहमी एकाच गोष्टीचे कुतूहल वाटते: पहिला मोठा खर्च कशावर झाला? एकूण रक्कम त्याचे सामर्थ्य सांगते, पण खर्चाचा क्रम त्याची काळावरची श्रद्धा सांगतो. उद्याचा दिवस, पुढचे वर्ष आणि आपल्यामागून येणारी पिढी यांपैकी कोणाशी तो मनातल्या मनात बोलत होता, हे त्या क्रमातून उमगते. राजवाड्यांत आणि देवळांत जे दिसते तेच, किंबहुना अधिक उघडेपणाने, इंग्लंडच्या छोट्या गावांतल्या फुटबॉल क्लबांत दिसते. तिथे व्यावसायिक फुटबॉलच्या वरच्या चार श्रेणी संपल्या की पायरीपायरीने खाली उतरत जाणारे एक विस्तीर्ण जग सुरू होते. त्याला ‘नॉन-लीग’ म्हणतात. या जगातल्या बहुतेक खेळाडूंचा पोटाचा उद्योग वेगळा असतो. आठवडाभर कोणी वायरिंग करतो, कोणी शाळेत शिकवतो, आणि शनिवारी दुपारी तीन वाजता गावाच्या रंगाची जर्सी अंगावर चढवतो. क्लबचे उत्पन्न म्हणजे फाटकावरचे तिकीट, क्लबहाउसमधला बार, चहा-बर्गरची टपरी आणि मैदानाभोवतीच्या फळ्यांवर स्थानिक दुकानदारांनी दिलेल्या जाहिराती. जानेवारीच्या पावसाने मैदानात पाणी साचून सामना पुढे ढकलला गेला, की त्या आठवड्याची मिळकतच बुडते. अशा क्लबात एखादा श्रीमंत मालक येतो, तेव्हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न साधा असतो: गोल करणारा नवा स्ट्रायकर आणायचा, की मैदानाखाली निचऱ्याच्या नळ्या घालायच्या? स्ट्रायकरचे फळ हंगाम संपेपर्यंत हाती येते. नळ्यांचे श्रेय कोणालाच मिळत नाही, कारण न साचलेले पाणी कोणाच्या नजरेस पडत नाही.

आपल्या धर्मशास्त्राने पुण्यकर्मांचे दोन भाग केले होते. यज्ञयाग हे इष्ट. विहिरी, तळी, देवळे, बागा हे पूर्त. इष्टाची आहुती अग्नीत जाते आणि त्या क्षणाच्या तेजात तिची सांगता होते. पूर्त मागे उरते, त्यावर शेवाळ धरते, त्याच्या पायऱ्या झिजतात, आणि त्या झिजण्यातच त्याचे सार्थक असते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात ज्या विधींचा परामर्श घेतला आहे, त्यांतला एक विधी मला फार अर्थगर्भ वाटतो: उत्सर्ग. तळे नुसते खोदून भागत नाही. विधिपूर्वक त्यावरचा हक्क सोडून ते सर्व प्राणिमात्रांसाठी मोकळे करावे लागते, आणि मग खोदणाऱ्यालाही त्या पाण्यावर इतरांइतकाच अधिकार उरतो. तळे राखी तो पाणी चाखी, हा लोकव्यवहार शास्त्रकारांना ठाऊक नव्हता असे नाही. तो ठाऊक होता म्हणूनच त्यांना हा विधी सांगावासा वाटला असेल. नॉन-लीग क्लबांच्या कथा वाचताना हे तीन शब्द माझ्या मनात येऊन बसतात. स्ट्रायकर हे इष्ट, मैदान हे पूर्त. पण उत्सर्ग कोणता, आणि तो कधी करायचा?

नॉर्थॅम्प्टनशायर हा बुटांचा परगणा. तिथल्या नॉर्थॅम्प्टन टाउन या जुन्या क्लबाला लोक आजही ‘कॉब्लर्स’ म्हणूनच ओळखतात. याच परगण्यातल्या वुलस्टन गावी ग्रिग्ज घराण्याच्या कारखान्यात १ एप्रिल १९६० रोजी डॉ. मार्टेन्सचा पहिला बूट तयार झाला. हवेची उशी असलेला त्याचा तळवा क्लाउस मार्टेन्स या जर्मन डॉक्टरच्या कल्पनेतून आलेला होता. आधी तो टपालवाल्यांच्या आणि कामगारांच्या पायांत दिसला, नंतर बंडखोर तरुणाईने तो मिरवला, आणि जगभरच्या त्या तरुणाईचा पैसा नेन नदीकाठच्या या शांत मुलखात वाहत आला. १९९२ मध्ये या घराण्याच्या मॅक्स ग्रिग्ज यांनी शेजारशेजारच्या गावांतले दोन क्लब, १८८९ चा रशडेन टाउन आणि १९४६ चा इर्थलिंगबरो डायमंड्स, एकत्र करून ‘रशडेन अँड डायमंड्स’ नावाचा नवा क्लब उभा केला. इर्थलिंगबरोच्या नेन पार्कवर त्यांनी एवढे देखणे, सहा हजारांहून अधिक प्रेक्षकांचे स्टेडियम बांधले, की त्या श्रेणीतल्या पाहुण्या संघांना आपण चुकीच्या पत्त्यावर आलो असे वाटावे.

हा केवळ हौसेचा खर्च नव्हता, हे त्या काळाकडे पाहिले की ध्यानात येते. नॉन-लीगच्या सर्वोच्च पायरीवरचा विजेता फुटबॉल लीगमध्ये जाऊ शकतो, असा नियम १९८७ पासून अमलात आला, पण त्यासाठी मैदान आणि आर्थिक स्थिती यांच्या अटी पुऱ्या कराव्या लागत. १९९४ मध्ये किडरमिन्स्टर हॅरियर्स, १९९५ मध्ये मॅकल्सफील्ड टाउन आणि १९९६ मध्ये स्टीव्हनेज बरो, असे लागोपाठ तीन विजेते दारातूनच परत फिरवले गेले. ज्यांनी आधी संघ बांधला त्यांना मैदान आडवे आले. ग्रिग्ज यांनी दार आधी बांधले, मग त्यातून जाणारी माणसे आणली. जानेवारी १९९९ मध्ये एफए कपात लीड्स युनायटेडला याच मैदानावर गोलशून्य बरोबरीत रोखले गेले, २००१ मध्ये क्लब फुटबॉल लीगमध्ये पोहोचला, आणि २००३ च्या वसंतात चौथ्या श्रेणीचे विजेतेपद मिळाले.

त्याच वसंतात वुलस्टनची यंत्रे थांबत होती. डॉ. मार्टेन्सचे उत्पादन चीनमध्ये हलवण्याचा निर्णय आदल्या वर्षी जाहीर झाला होता, आणि हजाराहून अधिक कामगारांचे काम गेले. जे शनिवारी त्या स्टँडमध्ये उभे राहत त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरी तो चषक आणि ती नोटीस एकाच महिन्यात पोहोचली असेल, याचा विचार माझ्याने पूर्ण करवत नाही. बूट, मैदान, संघ आणि गाव एकाच धाग्यात ओवले गेले होते. तो धागा उसवल्यावर कोणता मणी कुठे गेला हे सांगणे अवघड. पुढच्याच वर्षी संघ एक पायरी उतरला. २००५ मध्ये ग्रिग्ज यांनी क्लब समर्थकांच्या ट्रस्टकडे सोपवला, २००६ मध्ये तो फुटबॉल लीगबाहेर पडला. पुढे मालकी पुन्हा बदलली, आणि २०११ च्या उन्हाळ्यात आर्थिक स्थैर्याची खात्री न पटल्याने स्पर्धेने त्याला काढून टाकले. अवघ्या एकोणीस वर्षांचा तो क्लब विसर्जित झाला.

मला छळते ते असे, की इथे पूर्तही होते आणि उत्सर्गही झाला होता. ग्रिग्ज यांनी केवळ खेळाडूंवर पैसा उधळला नाही. त्यांनी माती, पोलाद आणि गवत यांत तो पेरला, आणि शेवटी गावाच्या स्वाधीन केला. दोष द्यावा असा लोभ मला त्यांच्या कृतीत दिसत नाही. पण त्या स्टेडियमचे मोजमाप देणाऱ्याच्या ऐपतीचे होते, घेणाऱ्यांच्या नव्हे. दिवे, छपरे, गवत, रखवाली या सगळ्यांची दरमहा मागणी, ज्या ओढ्यावर ते तळे भरत होते तो आटल्यावरही तशीच राहिली. २०११ च्या त्याच उन्हाळ्यात शेजारचा जुना प्रतिस्पर्धी केटरिंग टाउन तिथे राहायला आला. हा तोच केटरिंग, ज्याने १९७६ मध्ये डेरेक डुगन यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये प्रथमच जर्सीवर जाहिरात छापली. फुटबॉल असोसिएशनने हरकत घेतल्यावर ‘केटरिंग टायर्स’ मधले फक्त ‘टी’ ठेवून ते ‘टाउन’ चे अक्षर असल्याचे सांगितले गेले. दारिद्र्याने कल्पकता शिकलेल्या त्या क्लबालाही नेन पार्कचा भार पेलला नाही. दुसऱ्या वर्षी त्याने ते मैदान सोडले. २०१७ मध्ये स्टेडियम जमीनदोस्त झाले. दानाचा आकार दात्याच्या मनाएवढा असावा असे आपण मानत आलो. तो स्वीकारणाऱ्याच्या हातांएवढा असावा, हे औदार्याचे फार उशिरा समजणारे अंग आहे.

याच्या उलट क्रमही पाहण्यासारखा आहे. स्कॉटलंडच्या सीमेवरचे ग्रेटना हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. तिथला क्लब २००२ पर्यंत इंग्लंडच्या नॉन-लीगमध्येच खेळत असे. ब्रूक्स माइल्सन या उद्योजकाने त्यात पैसा ओतला तो मुख्यतः संघात, आणि संघ धूमकेतूसारखा वर गेला. २००५, २००६, २००७ अशा लागोपाठ तीन बढत्या. मध्येच २००६ चा स्कॉटिश कप अंतिम सामना, जो हार्ट्सविरुद्ध पेनल्टींवर हुकला. पण सर्वोच्च श्रेणीत पोहोचल्यावर त्यांचे रेडेल पार्क नियमात बसेना, म्हणून ‘घरचे’ सामने शंभराहून अधिक किलोमीटर दूर, मदरवेलच्या मैदानावर भरू लागले, आणि एका सामन्याला पाचशेही माणसे जमली नाहीत. माइल्सन आजारी पडले, पैसा थांबला, २००८ मध्ये क्लब संपला. त्याच वर्षी तेही गेले. हा शुद्ध यज्ञ होता. मी त्याला व्यर्थ म्हणणार नाही. अंतिम सामन्याची ती संध्याकाळ ज्यांनी अनुभवली त्यांच्या आयुष्यातून ती कोणता लेखापाल वजा करणार? पण अग्नी विझल्यावर यजमानही नव्हता आणि मंडपही.

गवताविषयी थोडे थांबून बोलावेसे वाटते, कारण मालकाच्या मनातल्या अग्रक्रमांची सर्वांत विश्वासू साक्ष तेच देते. नैसर्गिक गवताचे मैदान आठवड्यातून दोनतीनदाच तुडवता येते. कृत्रिम गवताचे मैदान सकाळपासून रात्रीपर्यंत भाड्याने देता येते, शाळेतली मुले, मुलींचे संघ, चाळिशीतले हौशी सारे त्यावर खेळतात, पावसाने सामने बुडत नाहीत. सटन युनायटेडने आणि हॅरोगेट टाउनने हाच शहाणपणाचा खर्च केला होता. पण फुटबॉल लीगला कृत्रिम गवत चालत नाही. २०२० मध्ये हॅरोगेट आणि २०२१ मध्ये सटन जिंकून वर गेले, तेव्हा यशाची पहिली अट म्हणून त्यांना ते मैदान उखडून खरे गवत लावावे लागले. सटन तीनच वर्षांत पुन्हा खाली आला. वर चढण्यासाठी जे सोडावे लागते तेच कित्येकदा आपल्याला वर घेऊन आलेले असते, ही मानवी प्रारब्धाची जुनी गाठ मला त्या उपटलेल्या हिरव्या चटयांत दिसते, आणि ती सोडवणारा नियमकर्ता अजून जन्मला नाही असेच म्हणावे लागते.

काही मालक पैशाबरोबर आपली धर्मश्रद्धाही आणतात. नेल्सवर्थ या सुमारे सहा हजार वस्तीच्या गावातल्या फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सची सूत्रे २०१० मध्ये हरित विजेचे उद्योजक डेल व्हिन्स यांच्या हाती आली. त्यांचा खर्च स्वयंपाकघरापासून सुरू झाला: मांस गेले, २०१५ पर्यंत सारे खाणे निखळ वनस्पतिजन्य झाले, मैदानावर रासायनिक औषधे नाहीत, छपरावर सौरपट्ट्या. २०१७ मध्ये क्लब लीगमध्ये गेला, २०२२ मध्ये चौथ्या श्रेणीचा विजेता झाला, आणि २०२४ पर्यंत सलग दोनदा घसरून पुन्हा नॉन-लीगमध्ये आला. तक्ता वरखाली झाला. स्वयंपाकघर बदलले नाही. ज्या खर्चामागे विजयापलीकडचे प्रयोजन असते तो पराभवातही टिकून राहतो, हे मला इथे आश्वासक वाटते, जरी ते प्रयोजन एका माणसाचे आहे ही शंका मनातून जात नाही. मालक कोण आणि कुठला, हा प्रश्न वरच्या जगातही चुकत नाही. ब्लॅकबर्न रोव्हर्सला १९९५ चे विजेतेपद मिळवून देणारे जॅक वॉकर हे त्याच गावचे, पोलादाच्या व्यवसायात धनवान झालेले. २०१० मध्ये तोच क्लब आपल्या पुण्याच्या वेंकीज समूहाकडे आला, आणि दोनच वर्षांत प्रीमियर लीगमधून उतरला. त्या अनुभवातली कटुता दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलली गेली आहे. मला त्यात दिसते ते अंतर: शनिवारी त्याच पावसात भिजणारा मालक आणि समुद्रापलीकडून निधी पाठवणारा मालक यांचा एकच रुपया मैदानावर वेगळ्या वजनाने पडतो.

ससेक्समधल्या लुईसचा क्लब १८८५ चा. त्याचे मैदान, ड्रिपिंग पॅन, जुन्या मठाच्या अवशेषांजवळ जमिनीत खोल वाटीसारखे बसले आहे. २०१० पासून तो सभासदांच्या मालकीचा आहे. कोणी कितीही पैसे दिले तरी मत एकच. २०१७ मध्ये या सभासदांच्या क्लबाने पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या संघांवर समान खर्च करण्याचे ठरवले, जे तोवर इंग्लंडमध्ये कोणी केले नव्हते. त्यातून जेतेपदांची हमी मिळाली नाही. २०२४ मध्ये स्त्रियांचा संघ दुसऱ्या श्रेणीतून खाली उतरला. तरीही मला हा या सगळ्या कथांतला सर्वांत धीट खर्च वाटतो, कारण त्याच्या मागे एका धनवंताची लहर नव्हती, पुष्कळांनी हात वर करून घेतलेला निर्णय होता; आणि ज्यांनी तो घेतला त्यांनाच त्याची किंमत मोजायची होती. इथे उत्सर्ग आधी झाला, तळे नंतर खोदले जात आहे, हळूहळू, जमेल तेवढ्या फावड्यांनी.

रशडेनच्या समर्थकांनीही २०११ मध्येच नवा क्लब स्थापन केला. पहिल्या हंगामात त्यांच्याकडे फक्त तरुण मुलांचा संघ होता. पुढच्या वर्षी मोठ्यांचा संघ खालच्या पायऱ्यांवरच्या युनायटेड काउंटीज लीगमध्ये उतरला, तोही वेलिंगबरोच्या मैदानावर, पाहुणा म्हणून. स्टेडियम नव्हते, कारखान्याचा पैसा नव्हता. नाव मात्र त्यांनी ‘एएफसी रशडेन अँड डायमंड्स’ असेच ठेवले. १९९२ मध्ये दोन गावांच्या संमतीपेक्षा एका उद्योजकाच्या इच्छेने जुळलेली ती जोडी आता कोणी त्यांच्यावर लादत नव्हते. जुन्या रशडेन टाउनचे नाव घेऊन मागे जाण्याची वाट मोकळी असताना, सभासदांची वर्गणी भरून, त्यांनी तीच पुढे न्यायचे ठरवले.