अदंभित्व आणि फर्स्ट कॉपी



गीतेच्या तेराव्या अध्यायातली ज्ञानाची लक्षणं आपण बघतोय. अमानित्व काल झालं, आज अदंभित्व. आणि नेमका याच आठवड्यात माझ्या फोनवर एक फोटो येऊन पडलाय. लुई व्हिताँची पर्स, फर्स्ट कॉपी, साडेतीन हजार. ओरिजिनल लाखाच्या वर. घ्यावी का, हे काही डोक्यातून जात नाहीये. म्हटलं, चला, माऊलींसमोरच ठेवू.

इथले दाखले बघा. लोभी माणूस धन ठेवल्याची जागा जीव गेला तरी सांगत नाही. शेतकरी पेरलेलं बी मातीने झाकतो. तसं आपलं पुण्य झाकावं, म्हणतात माऊली. म्हणजे जे खरोखर कमावलंय तेसुद्धा मिरवायचं नाही. आणि मी काय करायला निघालेय? जे जवळ नाहीच, ते खांद्याला अडकवून लोकलमधून फिरायला!

मन लगेच वकिली करतं. "लग्नात एक ग्रॅमची ठुशी घालतेसच ना?" घालते की. पण तिच्यावर दुसऱ्या कुणाचं नाव नसतं, आणि कुणी विचारलं तर "अगं, एक ग्रॅमची आहे, दादरला घेतली" असं मी हौसेने सांगते. पूजेत सुपारीला गणपती मानतो, तिथेही कुणाची फसवणूक नाही. ती सुपारी आहे हे गुरुजींना, आपल्याला आणि बाप्पालाही ठाऊक असतं. या पर्सवरची फुलं-अक्षरांची नक्षी मात्र १८९६ साली आली, तीच मुळी नकला थांबाव्यात म्हणून! (घ्या.) ती नक्षी काढून टाकली तर या पर्सला साडेतीन हजार मी तरी देणार नाही. मग मी पैसे मोजतेय ते बघणाऱ्याच्या गैरसमजाचे.

असा माल विकणं १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने गुन्हा आहे, ते आहेच. पण माझी अडचण घरातली आहे. "ओरिजिनल का गं?" असं कुणी विचारलं तर मी नुसती हसेन. खोटं एक अक्षर बोलणार नाही. दंभ त्या हसण्यातच बसलाय.

मग पैसे साठवून ओरिजिनलच घेतली तर? खोटेपणा जाईल, दंभ जाईलच असं नाही. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी दंभापासूनच सुरू होते. तिथे पावती खरी की खोटी, असं काही विचारलेलं नाही.

पर्स मला हवीच आहे, जुनीची चेन गेलीये. पण डबा, छत्री, लॅपटॉप सगळं मावेल अशी बिननावाची पर्स बघितली की मन हिरमुसतं. हे हिरमुसणं कुठून येतं, ते आज जपाला बसताना बघणार आहे. विकणाऱ्या ताईंना "नको" कळवलं. फोटो अजून डिलीट केलेला नाही.

उद्या अहिंसा. ओव्या बऱ्याच आहेत, जमलं तर आधी वाचून या.

राम कृष्ण हरी.