चूल एक, मीटर दोन

 

गेल्या गुरुवारी उपासना झाल्यावर प्रसाद घेता घेता विषय निघाला तो लाइट बिलाचा. कोणाचं किती आलं, कोणी एसी कधी लावला, सगळं झालं. मग एका गुरुबंधूंनी विचारलं, "यावर एकदा पत्रिकेत लिहा की, रोज मोक्षावरच काय लिहिता!" सगळे हसले. पण आम्ही घरी येईपर्यंत गप्पच होतो, कारण याच बिलापायी आमच्याच घरात आठवडाभर वाद चालू होता. तो जसा झाला तसा लिहितो.

आमचं घर म्हणजे खाली आई-बाबा आणि आम्ही, वर धाकटा भाऊ, त्याची बायको आणि लेक. स्वयंपाक खालीच, सगळ्यांचा एकत्र. मीटर एक. आपल्या मध्य प्रदेशात घरगुती वापर महिन्याला १५० युनिटपर्यंत असेल तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपयेच लागतात, बाकीचा भार सरकार वीज कंपनीला देतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. १५० च्या वर गेलं की सवलत गेली. आमचं घर सहा-सात माणसांचं, हिवाळ्यातसुद्धा अडीचशेच्या आसपास जातं. उन्हाळ्याचं तर बोलूच नका. दीड टनाचा एसी तासाला सव्वा-दीड युनिट ओढतो, आणि आमच्याकडे दोन आहेत.

पंखा दुरुस्त करायला आलेला इलेक्ट्रिशियन बिल बघून म्हणाला, "भिया, ऊपर का मीटर अलग करवा लो. आधी कॉलोनी ने करवा लिया." हिशोब सरळ होता. अडीचशेचे दोन भाग केले की दोन्ही सव्वाशे, दोन्हींना सवलत. वर्षातले सात-आठ महिने, महिन्याला हजाराच्या वर वाचले असते. भावाने तर त्याच संध्याकाळी कागदपत्रं काढून ठेवली.

आई भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "अरे, पण चूल तर एकच आहे ना?"

वाद तिथून सुरू झाला. भावाचं म्हणणं साधं नव्हतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखंही नव्हतं. तो म्हणाला, २०२५ मध्ये पेट्रोल लिटरला १०६ च्या वर होतं, त्यात कर किती होता ते बघा. टंकीचं तसंच. (आपण इंदूरवाले टंकीच म्हणतो, पुण्याचे पाहुणे आले की हसतात.) २०२० च्या मध्यात दिल्लीत ती सहाशेच्या आत मिळत होती, मार्च २०२३ मध्ये ११०३ झाली. मग दोन टप्प्यांत ८०३ पर्यंत उतरली, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा ५० ने चढली. तेव्हा इंदुरात नऊशेच्या घरात पडत होती. सबसिडी म्हणाल तर २०१५ साली 'गिव्ह इट अप'ची हाक आली तेव्हा बाबांनी आपणहून सोडली होती, देशभरात एक कोटीहून जास्त लोकांनी सोडली. २०२० पासून तर आपल्यासारख्यांच्या खात्यात सबसिडी येणंच बंद झालं. भावाचे शब्द असे: "आपण सोडलं ते गेलं, नाही सोडलं त्यांचंही गेलं. आता जे नियमात बसतंय ते घेतलं तर पाप कसलं?"

याला आमच्याकडे लगेच उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आजही पूर्ण उत्तर नाही.

पण एक गोष्ट दिसत होती. वर वेगळं बिऱ्हाड राहत असेल, त्यांची चूल वेगळी असेल, तर दुसरं मीटर हा त्यांचा हक्क आहे, त्यात काही खोटं नाही. ज्यांच्याकडे तसं आहे त्यांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नये. आमच्याकडे मात्र कागदावर दोन बिऱ्हाडं लिहावी लागली असती आणि खाली सही करावी लागली असती. म्हणजे महाग झालेल्या विजेचं उत्तर आम्ही एका खोट्या वाक्याने देणार होतो. पतंजलींच्या पाच यमांत आपण अपरिग्रहावर फार बोलतो, कमी वापरा, साठवू नका, वगैरे. पण अस्तेय, म्हणजे चोरी न करणं, त्याच्या आधी येतं. आपल्याला वाटतं चोरी आपण करतच नाही, म्हणून ते पान आपण पटकन उलटतो.

भाऊ म्हणाला, "चोरी कोणाची? सरकारची?" बाबांनी तेव्हा तोंड उघडलं. म्हणाले, सरकार पैसे छापून वीज कंपनीला देत नाही, कोणाच्या तरी करातून देतं, आणि कर तर मीठ-साबण घेणारा मजूरसुद्धा भरतो. एवढं बोलून ते पेपर वाचू लागले.

आता दुसरी गोष्ट, ती लिहायला जास्त जड जाते.

त्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी महिन्याला ३०० रुपये वाढवून मागितले. त्या लांबून येतात, आधी शेअर ऑटो, मग सिटी बस. ऑटोवाल्याने भाडं वाढवलं. त्यांच्या घरी उज्ज्वलाची टंकी आहे, त्यावर सवलतही मिळते, तरी भरायला एकदम पैसे काढणं जमत नाही, म्हणून पाणी तापवायला आणि भाकरीला त्या पुन्हा लाकडं वापरतात. आम्ही म्हटलं, "मावशी, बघू. सध्या आमचंही सगळं महागलंय ना." त्या काही बोलल्या नाहीत.

त्या रात्री आम्ही सगळे सराफ्यात गेलो. पोरीची परीक्षा संपली होती. भुट्टे का कीस, दहीवडा, शेवटी कुल्फी. दोन गाड्या नेल्या. खर्च नऊशेच्या वर झाला, पार्किंग वेगळं. घरी आल्यावर आई हातपाय धुताना म्हणाली, "आज एक टंकी खाल्ली आपण." बस, एवढंच. आम्हाला मग झोप नीट लागली नाही.

सराफ्यात जाणं चुकीचं आहे असं आमचं म्हणणं नाही. इंदुरात राहून सराफ्यात जायचं नाही तर जायचं कुठे! पण महागाईचं कारण आम्ही कोणाला सांगितलं ते बघा. कुल्फीवाल्याला नाही, पेट्रोल पंपावर नाही. जी बाई आमच्यापेक्षा जास्त महागाई सोसते तिला सांगितलं, कारण तिच्यापुढेच ते चालतं. आणि टंकी ऑगस्ट २०२३ मध्ये २०० रुपयांनी आणि मार्च २०२४ मध्ये आणखी १०० रुपयांनी उतरली, तेव्हा मावशींचा पगार वाढवायची आठवण आम्हाला झाली नव्हती. चढताना आठवतं, उतरताना नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत लागोपाठ दोन गोष्टी सांगतात. मिळालेलं परत न देता जो भोगतो तो चोर, आणि जो केवळ स्वतःसाठी रांधतो तो पाप खातो. आपण हा अध्याय कितीदा म्हटला असेल! पण शेगडीसमोर उभं राहून कधी आठवला नाही.

आता संयमाबद्दल. पेट्रोल महागलं म्हणून आम्ही भाजीला चालत जाऊ लागलो. डाळ-तांदूळ आधी भिजवतो, पातेल्यावर झाकण ठेवतो, गीझर पंधरा मिनिटांत बंद करतो (दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास म्हणजे एक युनिट, मुलांना हे पाठ करायला लावलंय). एसी २६ वर आणि सोबत पंखा. याला संयम म्हणायचं का? आमच्या मते हा नाइलाज आहे. वाईट नाही, नाइलाजानेही चांगली सवय लागते. पण नाइलाजाला साधना म्हणून मिरवू नये. उलट बाजूही सांगून ठेवतो: घरात आजारी किंवा फार वृद्ध माणूस असेल तर त्याच्या खोलीतला एसी बंद करून काही पुण्य लागत नाही. मे महिन्याचं ऊन बघा आणि मग बोला.

संयमाची खरी परीक्षा जिथे किंमत दिसत नाही तिथे होते. आपल्या नळाला येणारी नर्मदा बघा. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तर किलोमीटर, घाट चढवून पंपांनी ती इंदुरात आणतात. शहराला त्या विजेचा खर्च इतका जड जातो की नगर निगमने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बॉंड काढले, जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला. पण बहुतेक घरांना पाण्याचं बिल ठरावीकच येतं, एक बादली वापरा की दहा. म्हणून काय होतं, की परिक्रमावासी दिसले की आपण वाकून नमस्कार करतो, "नर्मदे हर" म्हणतो, आणि त्याच मैयाचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून अर्धा तास ओसंडत असतं. आमच्या गल्लीत रोज सकाळी हा आवाज येतो. त्यात आमचीही टाकी होती, गेल्या आठवड्यापर्यंत. आता बॉल व्हॉल्व बदलला.

ओल्या कचऱ्याचंही असंच. पिवळ्या गाडीत आपण जी सालं टाकतो ती देवगुराडियाच्या प्लांटमध्ये जातात, फेब्रुवारी २०२२ पासून तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याची सोय आहे, आणि त्यावर सिटी बस धावतात. म्हणजे मावशी ज्या बसने येतात तिच्यात आमच्या घरच्या दुधी भोपळ्याची सालंही असू शकतात. प्लास्टिक मिसळून टाकलं तर ती साखळी तिथेच बिघडते.

जुन्या मंडळींना आठवत असेल, १९६० साली विनोबा इंदुरात मुक्कामाला होते, नवलख्याचा विसर्जन आश्रम तेव्हाचाच. त्यांच्या सर्वोदय-पात्राची कल्पना अशी होती की घरातल्या लहान मुलाने रोज मूठभर धान्य एका भांड्यात टाकायचं, ते समाजासाठी. मूठ लहान मुलाची, म्हणजे कोणाला जड जायला नको. आईने शेगडीजवळ एक जुना डबा ठेवलाय. पायी गेलो की गाडीचे वाचलेले दहा-वीस रुपये पोरगी त्यात टाकते. तिला हिशोब फार चोख जमतो, आम्ही विसरलो तर वसूल करते.

मावशींना ५०० वाढवले. त्यांनी "ठीक आहे ताई" म्हटलं आणि कणीक मळायला घेतली. आम्हाला वाटलं होतं त्या काहीतरी बोलतील, पण त्यांनी का बोलावं? त्यांचं होतं तेच त्यांना मिळालं, तेही उशिरा.

मीटरचं अजून ठरलेलं नाही. अर्ज दिलेला नाही, पण भावाला पटलंय असंही नाही. त्याचं म्हणणं, आपण नाही घेतलं तर दुसरा कोणीतरी घेतोच आहे, मग आपण एकट्यानेच का भरायचं. आम्ही त्याच्यावर जबरदस्ती करणार नाही, बिलात त्याचाही अर्धा वाटा आहे. सध्या इतकंच कबूल झालंय की रात्री पोरगी आजीजवळ खाली झोपेल, म्हणजे दोनच्या जागी एक एसी चालेल. आई खूश आहे, तिला गोष्ट सांगायला कोणीतरी मिळालं.

येत्या गुरुवारची उपासना सुदामा नगरलाच आहे, संध्याकाळी ७ वाजता. मागच्या वेळी चोवीस माणसांसाठी अकरा गाड्या दारात होत्या, आणि त्यातल्या चार राजवाड्याकडून एकाच रस्त्याने आल्या होत्या. या वेळी कोण कुठून निघणार ते बुधवार रात्रीपर्यंत ग्रुपवर टाकावं. रामबागेतून आमच्या गाडीत दोन जागा आहेत, आणि आजींसाठी पुढची सीट.