यादीआधी व्याख्या

राखीव जमीन मोकळी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात तिचा गट क्रमांक आणि क्षेत्र राजपत्रात छापावे लागते, त्यामुळे निदान जाब कोणाला विचारायचा हे तरी कळते. दुसऱ्यात व्याख्या बदलली की काम भागते. वन संवर्धन अधिनियमातील 2023 च्या दुरुस्तीचे समर्थक या दुसऱ्या मार्गाला निःसंदिग्धता म्हणतात.

1927 च्या वन अधिनियमाचे कलम 27 राज्य सरकारला अधिसूचनेने राखीव वनाचा दर्जा काढून घेण्याची मुभा देते. 1980 च्या वन संवर्धन अधिनियमाने त्यावर केंद्राच्या पूर्वमान्यतेचा लगाम घातला आणि 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो, मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने वन असलेल्या प्रत्येक जमिनीला लावला. नव्या दुरुस्तीने अधिसूचित वने आणि 25 ऑक्टोबर 1980 पासून सरकारी दप्तरी वन म्हणून नोंदलेल्या जमिनी एवढ्याच कक्षेत ठेवल्या, म्हणजे नोंद नसलेले रान एकही झाड न तोडता कागदोपत्री साफ होऊ शकते. शब्दकोशावर का कायदा चालतो, असे समर्थक खोचकपणे विचारतात. पण दप्तर लिहिणारा आणि जमीन मोकळी करू पाहणारा एकच असेल, तर शब्दकोश निदान तटस्थ तरी असतो.

येथे अमेरिकी विधिज्ञ जोसेफ सॅक्स यांच्याकडे वळावे लागते. सार्वजनिक विश्वस्त तत्त्व, म्हणजे नदी, किनारा, वन यांसारख्या संपत्तीचे सरकार मालक नसून जनतेच्या वतीने राखणदार असते हा विचार, त्यांनी 1970 साली नव्याने मांडला आणि गोदावर्मन आदेशाच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीकाठच्या प्रकरणात तो स्वीकारला. सॅक्स यांचा आवडता दाखला शिकागोचा आहे. इलिनॉय विधिमंडळाने 1869 साली मिशिगन सरोवराचा एक हजार एकरांहून अधिक तळ एका रेल्वे कंपनीला बहाल केला. असे दान कायमचे टिकत नाही, असा निवाडा 1892 मध्ये झाला. मात्र या तत्त्वाचे भक्त एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात: ते दान 1873 मध्ये रद्द करणारेही विधिमंडळच होते, न्यायालयाने त्या रद्द करण्यावर शिक्कामोर्तब केले इतकेच.

तेव्हा कायदेमंडळाने जमिनीच्या दर्जाला हातच लावू नये, ही भूमिका टिकत नाही. पूर्व विदर्भातील ‘झुडपी जंगल’ हे त्याचे बोलके उदाहरण. मध्य प्रांताच्या महसुली दप्तरात नापीक, झुडपांच्या, गुरचराईच्या जमिनीला पडलेले हे नाव. त्यातील ‘जंगल’ या एका शब्दापायी अशा जमिनींवरील घरे, शाळा, दवाखाने, स्मशाने वर्षानुवर्षे बेकायदा ठरत राहिली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनच ठरवल्या, मात्र 12 डिसेंबर 1996 पूर्वीच्या वाटपांना नियमित होण्याची वाट मोकळी केली. दप्तर निर्दोष नसते, हे येथे दोन्ही पक्षांना मान्य करावे लागते.

म्हणून कायदेमंडळाने दर्जा अवश्य बदलावा, पण गावाचे आणि गटाचे नाव घेऊन, मोजणी करून. वने हुडकून त्यांची यादी करण्यासाठी तज्ज्ञ समित्या महिन्याभरात नेमाव्यात, असे 1996 च्या आदेशातच राज्यांना सांगितले होते. 19 फेब्रुवारी 2024 रोजी, नवी व्याख्या लागू होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, त्या समित्यांनी ठरवलेल्या वनजमिनींचा तपशील न्यायालयाला राज्यांकडे पुन्हा मागावा लागला.