रुपयामागे एक पैसा

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोणावळ्यात दारूची चर्चा होते ती पर्यटकांची. भुशी धरणाच्या वाटेवर गाड्या तपासल्या जातात, बाटल्या सापडतात, सोमवारी बातमी येते. पवन, नाणे आणि आंदर मावळात बारा महिने पिणारा माणूस मात्र त्या बातमीत नसतो. तो दिसतो घरातल्या भांडणांत, उधारीच्या वहीत आणि फार उशिरा दवाखान्यात.

मावळ तालुका वारकऱ्यांचा, तुकोबांचा भंडारा डोंगर इथलाच. इथल्या घरांनी दारूवर शोधलेला उपाय म्हणजे वारकऱ्याची तुळशीची माळ: ती घातली की दारू सोडायची. तिचे बळ कमी लेखू नये. माळ घातली की नवी संगत मिळते, संध्याकाळी जायला जागा मिळते, गावाची नजर बदलते. व्यसन सुटायला हे सारे लागतेच. पण शरीराचा हिशेब वेगळा असतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत हात कापू लागतात, काहींना फिट येते, भास होतात. उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. पक्का निश्चय केलेला माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा गुत्त्यावर जातो, तो पुष्कळदा या त्रासापायी. घरचे म्हणतात, याच्यात दमच नाही. खरे तर त्याला त्या दिवसांत हवी असते एक खाट, औषधे आणि लक्ष ठेवणारा डॉक्टर.

उपचारांची ही गरज कायद्याने मान्य केली आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात, आणि सरकारी किंवा सरकारी निधीवरच्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरतो. प्रत्यक्षात २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाला आढळले की, मद्यविकार असलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत.

उपचार कसे असावेत, याचा धडा आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने येरवड्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. औषधांबरोबर समुपदेशन, घरच्यांचा सहभाग आणि नंतरचा पाठपुरावा हवा, पुन्हा घसरलेल्याला दार बंद नसावे, हे अशा केंद्रांनी दाखवून दिले. पण आंदर मावळातल्या मजुराने रोज बुडवून, बायकोला घेऊन येरवड्याला किती खेपा घालायच्या? पाठपुरावा तालुक्यातच हवा. ग्रामीण रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठी राखीव खाटा, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, एक कायम समुपदेशक आणि घरी जाऊन विचारपूस करणाऱ्या, त्यासाठी वेगळे मानधन मिळणाऱ्या आशाताई एवढी मागणी अवाजवी नाही.

पैसा कुठून आणायचा? दारूवरच्या उत्पादन शुल्कातून राज्याला अलीकडे वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपये मिळतात. ‘दारुड्यांवर करदात्यांचा पैसा कशाला’ असे विचारणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. पिणाऱ्याने आपला कर आधीच भरला आहे. याच मावळात, तळेगावात, अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली काच कारखाना उभा राहिला. माणशी एक पैसा मागून कारखाना निघत असेल, तर शुल्काच्या प्रत्येक रुपयातला एक पैसा बाजूला काढणे राज्याला अशक्य नाही. वीस हजार कोटींवर ते दोनशे कोटी होतात.

दारूबंदी हवी की नको, हा वाद चालू राहील. बंदी आली तरी आज व्यसनात असलेल्यांना उपचार लागतील. दुकाने चालू राहिली तर लागतीलच. म्हणून हा पैसा कायद्याने राखून ठेवावा, रुग्णसंख्येनुसार तालुक्यांना वाटावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावा. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मावळाने एवढेच विचारावे: आमच्या तालुक्यातल्या खाटा किती, आणि त्या कधी?