'पूर्ववत' म्हणजे कोणते पूर्व?

धरण फुटल्यानंतर शासकीय भाषेत फार लवकर उमटणारा शब्द म्हणजे 'पूर्ववत'. वाहतूक पूर्ववत होते, पाणीपुरवठा पूर्ववत होतो, कालांतराने धरणही पूर्ववत उभे राहते. या शब्दात दिलासा आहे, तसा संभ्रमही आहे. यातले 'पूर्व' कोणते? दुर्घटनेच्या आदल्या दिवसाचे, की दुर्घटनेला कारण ठरलेल्या निर्णयाच्याही आधीचे? दुरुस्तीचा प्रश्न वरकरणी स्थापत्यशास्त्राचा वाटला तरी मुळात तो नैतिक ठरतो, तो यामुळेच.

१२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले. काम पुरे होण्याआधीच त्यात पावसाचे पाणी साठले होते, विमोचकाचे बांधकाम अपुरे होते आणि त्यावरील भराव खचत गेला. आदल्या रात्री जवानांनी पोती रचून तो सावरण्याची शर्थ केली. पण जे काम ऋतूच्या आधी व्हायचे ते एका रात्रीत होणे शक्य नव्हते. त्या लोंढ्याने मुठेवरील खडकवासल्याचे, एकोणिसाव्या शतकातले दगडी धरणही फोडले. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या, आणि ज्या शहरात पाणी शिरले होते त्याच शहराला पिण्याच्या पाण्यासाठी जुन्या आडांकडे वळावे लागले.

पुढे दोन्ही धरणे पुन्हा बांधली गेली. ती बांधणे योग्यच होते. एवढ्या मोठ्या वस्तीला पाण्यावाचून ठेवणे हा काही प्रायश्चित्ताचा मार्ग नव्हे. मात्र भिंत उभी राहिली की अपराधाचा हिशेबही मिटला, असे मानण्याची आपली जी वृत्ती आहे, ती तपासून पाहिली पाहिजे. भिंत सांधणे आणि विश्वास सांधणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीला सिमेंट पुरते. दुसरीला सत्यकथन लागते.

गुजरातमधील मच्छू-२ धरणाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ११ ऑगस्ट १९७९ रोजी ते फुटले आणि मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. पुनर्बांधणीच्या वेळी सांडव्याची क्षमता सुमारे चौपट करण्यात आली. पहिले अनुमान अपुरे होते, याची ही दगडात कोरलेली कबुलीच म्हणावी लागेल. परंतु नेमलेला न्यायिक चौकशी आयोग काम पुरे होण्याआधीच गुंडाळण्यात आला. जे रचनेने मान्य केले, ते राज्यसंस्थेने उच्चारले नाही. अशा मौनावर उभे असलेले धरण कितीही भक्कम असले, तरी त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला ते निर्धास्त झोप देऊ शकत नाही.

या हिशेबात आणखी एक पक्षकार आहे, आणि त्याला कोणत्याही आयोगापुढे साक्ष देता येत नाही. तो म्हणजे नदी. १९६१ नंतर जे पूर्ववत झाले, तो जलाशयाचा साठा आणि कालव्याचा प्रवाह होता. खडकवासल्याखालची मुठा पावसाळ्यातील विसर्ग सोडला, तर एरवी बहुतांशी शहराचे सांडपाणीच वाहून नेते. तिचे 'पूर्व' कोणी विचारलेच नाही, कारण तिला आपण वाहिनी न मानता साठ्याचे साधन मानले. धरणपूर्व काळातील नदी जशीच्या तशी परत आणता येणार नाही. तसा आग्रह हा स्वप्नाळूपणाच ठरेल. परंतु वर्षभर काही पाणी नदीतूनच वाहू द्यावे, हा विचार अशक्य कोटीतला नाही. त्यासाठी उपभोगाला थोडी मर्यादा घालावी लागते, आणि ती घालायची कोणी, हे ठरवणेच आपण टाळत असतो.

म्हणून पुनर्बांधणीचा आराखडा मांडताना केवळ भिंतीची उंची आणि खर्चाचा अंदाज सांगून भागत नाही. काय चुकले, कोणी ते जाणूनही दुर्लक्षिले आणि नदीचा वाटा किती, हेही त्याच कागदावर लिहिले जावे. तेवढे लिहिले गेले, तरच 'पूर्ववत' या शब्दाला सार्वजनिक जीवनात प्रामाणिक अर्थ लाभेल.