दाराशीं उभा खुनी आणि आमचें सत्य



एका खेड्यांतील उपदेशक बंधूंनीं आम्हांस असा प्रश्न केला आहे: "नवऱ्याच्या माराला भिऊन एखादी बाई रात्रीं लेकरासह माझ्या घरीं आश्रयास आली, आणि तो कुऱ्हाड घेऊन दाराशीं येऊन 'ती येथें आहे काय?' असें विचारूं लागला, तर मीं काय सांगावें? 'नाहीं' म्हणावें तर खोटें होतें. 'होय' म्हणावें तर रक्तपात होतो."

हा प्रश्न फार जुना आहे. जर्मन तत्त्वज्ञानी इमानुएल कांट (१७२४–१८०४) हे घोड्यांचा चामडी साज करणाऱ्या एका कारागिराचे पुत्र. त्यांचे आईबाप भक्तिमान प्रॉटेस्टंट होते. त्यांनीं १७९७ सालीं याच प्रश्नावर निबंध लिहिला. बेंजामिन कॉन्स्टंट या लेखकाचें म्हणणें असें होतें कीं, दुसऱ्याचा घात करण्यासाठीं जो सत्य मागतो, त्याचा सत्यावर हक्कच नाहीं. कांट यांनीं उत्तर दिलें कीं, खुन्यालाही खोटें सांगूं नये. कारण माणसांचे सारे करार सत्याच्या पायावर उभे आहेत, आणि तो पाया खणणारा सर्व मनुष्यजातीचा अपराध करितो. विहिरींत विष एकासाठीं टाकिलें, तरी पाणी साऱ्या गांवाचें नासतें. कांट यांचें म्हणणें आम्हांस असें समजतें.

परंतु पवित्र शास्त्र वाचणाऱ्यास निर्गमाच्या पहिल्या अध्यायांतील सुइणी आठवतील. शिप्रा व पुवा यांनीं बालकें वांचविण्यासाठीं फारोपासून खरी गोष्ट झांकून ठेविली, आणि देवानें त्यांचें कल्याण केलें. मग अशा वेळीं खोटें पुण्यकारक होतें काय? ऑगस्टीन यांनीं सुमारें ३९५ सालीं खोटेपणावर ग्रंथ लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं, सुइणींस फळ मिळालें तें दयेचें, लबाडीचें नव्हे. त्याच ग्रंथांत ते थागास्ते नगराच्या फर्मस नामक बिशपांची गोष्ट सांगतात. त्यांनीं एका मनुष्यास लपविलें होतें. बादशहाचे शिपाई आले तेव्हां ते म्हणाले कीं, मी खोटें बोलणार नाहीं आणि त्याला धरूनही देणार नाहीं. त्यांचा छळ झाला, तरी ते ढळले नाहींत. शेवटीं बादशहानें त्या लपलेल्या मनुष्यास क्षमा केली.

आतां अलीकडची गोष्ट ऐका. १९४० ते १९४४ या वर्षांत फ्रान्समधील ल शांबों-सुर-लिन्यों या डोंगराळ गांवच्या प्रॉटेस्टंट मंडळीनें व आसपासच्या शेतकऱ्यांनीं पुष्कळ यहूदी लोकांस आश्रय दिला. १९४२ सालीं अधिकाऱ्यांनीं यहूद्यांचीं नांवें मागितलीं, तेव्हां पाळक आंद्रे त्रोक्मे यांनीं तीं देण्याचें साफ नाकारिलें. तथापि गांवांत लपलेल्यांसाठीं खोटीं ओळखपत्रें तयार होत. आणि पाळकांच्या पत्नी माग्दा यांस त्या खोट्या कागदांचें दुःख पुढेंही वाटत राहिलें. १९४३ सालीं त्रोक्मे व त्यांचे सहकारी एदुआर तेस कैदेंत पडले. सरकारच्या आज्ञा पाळण्याचें वचन लिहून द्या, म्हणजे सोडूं, असें त्यांस सांगण्यांत आलें. जें पाळावयाचें नाहीं तें वचन देणें त्यांनीं नाकारिलें. पुढें त्यांची सुटका झाली.

वाचकहो, येथें नीट लक्ष द्या. परक्या लेकरांच्या जिवासाठीं त्या गांवानें खोटा कागद केला, आणि तोही दुःखानें. परंतु स्वतःच्या सुटकेसाठीं त्या पाळकांनीं खोटी सही केली नाहीं.

म्हणून त्या उपदेशक बंधूंस आमचें सांगणें असें: प्रथम फर्मस यांचा मार्ग धरा. दार उघडूं नका, उत्तर देऊं नका, शेजाऱ्यांस हांक मारा. घाव येणारच असेल तर तो बाईवर न येतां आपल्यावर येवो. तरीही त्या घटकेस तोंडून 'नाहीं' गेलें, तर त्याचा अभिमान बाळगूं नका, आणि निराशही होऊं नका. तें प्रभूच्या पायांशीं ठेवा. नीतिशास्त्र आम्हांस कर्तव्य दाखवितें, हा त्याचा मोठा उपकार होय. परंतु दोन कर्तव्यांच्या कात्रींत सांपडून जो चुकला, त्याला उचलून उभें करणारा ख्रिस्तच आहे.

आणि आम्हीं सर्वांनीं स्वतःस एक प्रश्न विचारावा. आजपर्यंत आम्ही जें खोटें बोललों, त्यांतलें किती कोणा पळून आलेल्या बाईसाठीं होतें? मापांत, उसनवारींत, साक्षींत, पंचांपुढें आम्ही बहुधा आपलीच कातडी वांचविली. तेव्हां तर दाराशीं कोणी कुऱ्हाड घेऊन उभा नव्हता.