कातडं कोण सोलतं?

रद्दीत मला एक गुळगुळीत कागदाचं इंग्रजी मासिक सापडलं. त्यात एक फोटो. झांबिया देशातलं काफुए नदीचं पूरमैदान. मागं पाणी, गुडघाभर गवत, पुढं मेलेला लेचवे. लेचवे म्हणजे पाण्याच्या कडेनं राहणारं लांब शिंगांचं हरीण. त्याची मान टेकू लावून ताठ केलीय, तोंडावरचं रक्त पुसलंय. शेजारी गोरा पाहुणा बंदूक घेऊन हसतोय. आणि फोटोच्या कडेला एक काळा हात. मनगटापर्यंत फक्त. हातात सुरी.

त्या हाताचं काय करावं मला कळेना.

मग मी वाचत गेलो. पाहुणा परदेशातून येतो. सोबत परवानावाला धंदेवाईक शिकारी. तो दाखवील तोच नर, तो सांगेल त्याच क्षणी. त्यांच्याही पुढं चालतो माग काढणारा गावचा माणूस. बंदूक टेकवायची काठ्यांची तिकाटी तोच वाहतो, तोच उभी करतो. पाहुण्यानं फक्त चाप ओढायचा. दिवसाचे पैसे वेगळे, जनावराचे वेगळे. जखमी होऊन निसटलं तरी मेल्याचेच पैसे. रक्त सांडलं की बिल फाटलं. नंतर शिंगांना फीत लावायची. अशी मापं १८९२ पासून लंडनच्या रोलंड वॉर्डच्या पुस्तकात छापून येतात. शिंगं, मुंडकं, कातडं पाहुण्याचं. मांस गावाला.

‘मांस गावाला’ इथं मी अडकलो.

माझा मित्र म्हणाला, मग बरंच आहे की! वाया जात नाही, गरिबाच्या पोटात जातं. माझा पणजा गावची मेलेली ढोरं ओढायचा. वस्तीत पड यायची, चान्या वाळत पडायच्या. तेव्हाही गाव हाच हिशेब मांडायचं, मांस फुकट, वर कातड्याचे पैसे, सोडता कशाला? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा. पणज्यानं सोडलं. पोट मारून सोडलं.

पण महाडचा शब्द मी काफुएवर तसाच चिकटवणार नाही. तिथल्या इला लोकांना मांसाची लाज नव्हती आणि नसावी. ते मेलेलं उचलत नव्हते. त्यांची चिला नावाची सामुदायिक शिकार होती. मुखिया दिवस ठरवायचा, माणसं भाले आणि कुत्री घेऊन निघायची, कळपाला घेरून पाण्यात ढकलायची. मांसाची वाटणी त्यांची, रिवाज त्यांचा. इंग्रज सरकारनं १९५० नंतरच्या दशकात चिला बंद केली. का? फार मारतात म्हणून. १९६४ साली देश स्वतंत्र झाला. आज तिथला कायदा म्हणतो, प्रत्येक रानटी जनावराची मालकी प्रजासत्ताकाच्या वतीनं राष्ट्राध्यक्षाकडे. म्हणजे भाल्यानं मारून खाल्लं तर चोर, आणि डॉलर मोजून शिंग नेलं तर खेळाडू. लेचवे तोच, मरण तेच.

आपल्याकडे पारध्याला विचारा. १८७१ च्या कायद्यानं ज्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्यात तो गेला. १९७२ च्या कायद्यानं शिकारही गेली. राजेलोकांनी मारलेल्या वाघांची मुंडकी मात्र अजून वाड्यांच्या भिंतीवर आहेत, आणि आपण तिकीट काढून ती बघतो.

इथं अहिंसावाले टाळ्या वाजवतील. म्हणतील, बघा, शिकारच वाईट! त्यांना मी जवळ करत नाही. हरणासाठी डोळ्यात पाणी आणणाऱ्या किती जणांनी ढोर ओढणाऱ्याला पाणी दिलं होतं?

मित्राचा खरा मुद्दा मात्र वजनदार आहे. तो म्हणतो, पाहुण्याच्या पैशातून रखवालदारांचे पगार निघतात, जनावराच्या शुल्कातला वाटा गावच्या मंडळाला देण्याचा नियम आहे. पैसा थांबला तर राखायचं कोण? मी हे उडवून लावत नाही. १९७० च्या दशकात काफुएच्या मैदानात लेचवे नव्वद हजारांच्या आसपास होते, नंतरच्या मोजण्यांत निम्म्याच्या खाली आले. पण ते चिलानं संपले का? चिला तर आधीच बंद झाली होती. त्याच दशकात नदीवर दोन धरणं झाली, एक काफुए घळीत, दुसरं इतेझी-तेझीला, विजेसाठी. पूर कधी यावा, गवत कधी उगवावं हे दरवाजे ठरवू लागले. बंदुकीची चोरटी शिकारही वाढली. आणि वाट्याचे पैसे वेळेवर पोचत नाहीत ही तिथल्या गावांची जुनी तक्रार आहे.

वाटा मिळणं आणि ठरवणं या दोन गोष्टी आहेत. बलुतं पण वाटाच होता की.

मी मित्राला विचारलं, इला लोकांनी उद्या म्हटलं, पाहुणा नको, वर्षाकाठी एक चिला हवी, मोजणी आम्हीच करू, तर तू मान्य करशील? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आणि लेचवे संपले तर?

मला लगेच उत्तर सुचलं नाही. ती भीती मलाही आहे. पण हीच भीती दाखवून त्यांच्या हातातला भाला काढून घेतला होता, एवढं मी त्याला सांगितलं. तो पटलं म्हणाला नाही. फोटो घेऊन गेलाय, रविवारी परत येणार आहे.